वैमानिकाला त्याचा आठवडा द्या

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस



मी तुमच्या पुणे मतदारसंघातली मतदार आहे. कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. माझा नवरा एका विमान कंपनीत कॅप्टन आहे आणि त्याचा बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, दिल्ली आहे. वैमानिकांनी किती तास उडावं, रात्री किती वेळा उतरावं, सलग किती तास ड्यूटी करावी, यावर गेल्या दोन वर्षांत आपल्या देशात पुष्कळ बोललं गेलं. न्यायालयात बोललं गेलं, संसदेत बोललं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर विमानतळांवर ताटकळलेले प्रवासीही त्यावरच बोलत होते. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. कॉकपिटबाहेरच्या तासांत तो माणूस काय करतो? कुठे असतो, कधी झोपतो, आपल्याला सुट्टी आहे हे त्याला किती दिवस आधी कळतं? हे पत्र त्या तासांबद्दल आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. ज्या वैमानिकांची घरं बेसपासून दूर आहेत, त्यांना सलग, आधीपासून ठरलेली आणि कुणी मोडू न शकणारी सुट्टी मिळेल अशी पाळी आपल्या देशात सुरू करा. सात दिवस काम, सात दिवस घरी. जगात ही पाळी वर्षानुवर्षं चालू आहे. तिच्यातले वैमानिक सुट्टीत काय करतात हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करते आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत खासगी जेट चालवतो. तिथे एका विमानाची मालकी अनेकांनी वाटून घ्यायची पद्धत आहे. १९८६ मध्ये नेटजेट्सने ती सुरू केली, पुढे १९९८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती कंपनीच विकत घेतली. या धंद्यात सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी हे रोस्टर चांगलं रुळलेलं आहे. दादा ज्या गावात राहतो तिथे त्याच्या कंपनीचं कार्यालय नाही, विमानंही नाहीत. पाळीच्या पहिल्या दिवशी कंपनी त्याला घराजवळच्या विमानतळावरून तिकीट काढून देते आणि विमान जिथे उभं असेल तिथे नेते. तो प्रवास कामाच्या वेळेत धरला जातो. सातव्या दिवशी तसंच घरी आणून सोडते. म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ जातो कंपनीच्या आठवड्यातून. त्याच्या आठवड्याला कुणी हात लावत नाही. सगळी मेख इथेच आहे, आणि आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. त्याकडे मी पुढे येते.

त्या सात दिवसांचं काम सोपं नसतं. तिथल्या नियमांप्रमाणे दोन वैमानिक असतील तर ड्यूटी चौदा तासांपर्यंत जाऊ शकते, नंतर किमान दहा तास विश्रांती. रोज वेगळं हॉटेल. सकाळी जाग आल्यावर आपण कोणत्या शहरात आहोत हे क्षणभर कळत नाही असं तो सांगतो, आणि त्याचे सहकारीही हेच सांगतात. चौथ्या-पाचव्या दिवशी फोनवर त्याचा आवाज ओढलेला येतो. मी त्याच्याकडे मुक्कामाला होते तेव्हा त्याचा सुट्टीचा आठवडा चालू झाला होता, आणि तो आठवडा मला अगदी नीट पाहायला मिळाला.

पहिला दिवस तो कशालाच हात लावत नाही. बॅग दारात तशीच. गणवेशाचे शर्ट तेवढे मशीनमध्ये जातात. दुपारी जेवून झोपतो तो दिवेलागणीला उठतो, घरात कुणी त्याला काही विचारत नाही. वहिनींनी हा दिवस त्याच्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. त्यावरून घरात कधी बोलणं होत नाही, कारण उरलेले सहा दिवस तो घराचाच असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी अंगणातलं गवत कापणं, बँक, दातांचा डॉक्टर, गाडीची दुरुस्ती. तिसऱ्या दिवसापासून तो खरा घरी येतो. मुलीला शाळेत सोडतो, पोहण्याच्या सरावाला नेतो, संध्याकाळी भाजी करतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत एक वर्ग त्याच्याकडे आहे. एक रविवार तो शिकवतो, पुढचा रविवार दुसरे एक पालक. दोघांनी वर्षाच्या सुरुवातीलाच रविवार वाटून घेतले आहेत. हे कशामुळे जमलं? पुढच्या नोव्हेंबरातला कोणता रविवार आपला आहे हे त्याला जानेवारीतच माहीत असतं म्हणून. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. चतुर्थी कामाच्या आठवड्यात येत असेल तर पूजा मुलगी करणार, हेही आधीच ठरतं, आणि त्याला यायला जमलं नाही म्हणून कुणी हिरमुसत नाही.

आणि गॅरेजमध्ये विमान आहे. तिकडे घरी विमान बांधायचे संच मिळतात, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि हजारो रिव्हेट. दादा गेली काही वर्षं असं एक दोन आसनी विमान बांधतो आहे. पंखाचा सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकाने समोरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरायची, दुसऱ्याने पत्र्याच्या मागे पोलादाचा ठोकळा घट्ट दाबून ठेवायचा. तो ठोकळा मुलगी धरते. बंदुकीचा तडतड आवाज थांबला की ती पत्र्याच्या आत हात घालून, बोटाने चाचपून सांगते, नीट बसला की वाकडा. वाकडा असेल तर ड्रिलने काढायचा आणि परत ठोकायचा. तासाभरात एक वीतभर काम होतं. मी दादाला म्हटलं, दिवसभर विमानात, घरी आल्यावर पुन्हा विमान? तो म्हणाला, हे माझ्या गतीने चालतं, आणि हिच्याबरोबर चालतं.

त्याचे सहकारी काय काय करतात हेही त्याच्याकडून ऐकलं. कुणाची गुरं आहेत. कुणी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे. काही जण हवाई दलाच्या राखीव तुकड्यांमध्ये महिन्याची हजेरी लावतात. एक जण शिकाऊ वैमानिकांना शिकवतो. काही जण काहीच करत नाहीत, आणि ते मला सर्वांत शहाणे वाटले. सुट्टीच्या आठवड्यात दुसरीकडे पैसे मिळवायला जाणारेही असतात. ते मला पटत नाही. विश्रांतीसाठी दिलेला आठवडा दुसऱ्या नोकरीत घालवणारा माणूस दमलेलाच कामावर जाणार, आणि आपल्याकडे ही पद्धत आणायची तर सुट्टीत दुसरं उड्डाण करण्यावर बंदी आधी घालावी लागेल. पण अशा चार लोकांसाठी बाकीच्यांची झोप अडवून धरण्यात अर्थ नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी दादाने बॅग भरली, शर्टांना इस्त्री केली आणि नऊ वाजता झोपायला गेला. सकाळी तो निघाला तेव्हा ताजा होता. प्रवासी म्हणून मला त्याच्या विमानात बसायला आवडलं असतं.

अमेरिकेतल्या हवाई रुग्णवाहिकांच्या हेलिकॉप्टरवरही हीच पाळी चालते. तिथे बहुधा एकच वैमानिक, सोबत नर्स आणि पॅरामेडिक. बारा तासांची ड्यूटी सात दिवस, मग सात दिवस सुट्टी. पुष्कळ ठिकाणी एक फेरी दिवसाची आणि पुढची रात्रीची. तळ लहान गावांत असतात, त्यामुळे काही वैमानिक शेकडो मैलांवरून येतात, मोटरहोम तळाजवळ उभं करून त्यात आठवडा काढतात आणि मग घरी जातात. रात्रीच्या फेरीनंतरची सुट्टी मात्र वेगळी असते. शरीरातलं घड्याळ दिवसाला तासा-दीड तासानेच मागेपुढे होतं. सात रात्री जागलेल्या माणसाचे पहिले दोन-तीन दिवस नुसते झोपेची वेळ सरकवण्यात जातात. घरात तो असतो, पण पडदे ओढून, आणि मुलं पाय न वाजवता चालतात. त्याची सात दिवसांची सुट्टी खऱ्या अर्थाने चारच दिवसांची. हे लपवून मला या पद्धतीची वकिली करायची नाही. सलग सात रात्री हे वाईटच. आपण ही पद्धत आणलीच तर ती बाजू तिथून उचलू नये.

युरोपात सात-सातऐवजी दुसरा आकडा आहे. रायनएअरचे वैमानिक पाच दिवस काम आणि चार दिवस सुट्टी या ठरलेल्या रोस्टरवर उडतात. तिकीट स्वस्त ठेवण्यासाठी पै-पैचा हिशेब करणारी ती कंपनी. तिला ठरलेली सुट्टी परवडते, तर ती खर्चाच्या नावाखाली नाकारता येणार नाही. शिवाय तिथल्या नियामकाची अपेक्षा अशी की रोस्टर किमान चौदा दिवस आधी वैमानिकाच्या हाती पडावं.

आणि मोहोळसाहेब, ही पद्धत महाराष्ट्राला काही परकी नाही. १९७४ मध्ये सागर सम्राट या तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटाने समुद्रातल्या मुंबई हायला तेल शोधलं. तिथल्या फलाटांवर ओएनजीसीची माणसं चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशी पाळी करतात. त्यांची ने-आण हेलिकॉप्टरने जुहूवरून होते, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले त्याच जुहूवरून. अलिबागकडची माझी एक मैत्रीण आहे, तिचे यजमान वर्षानुवर्षं फलाटावर जातात. त्यांच्या घरात दिनदर्शिकेवर पेनाने रेघा मारलेल्या असतात, चौदा दिवसांच्या. भाताची लावणी, कौलं चाळणं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाचा साखरपुडा, सगळं त्या रेघांच्या आत बसवतात. चौदा दिवस नवरा नसतो याचा तिला त्रास होतोच. पण तो कधी येणार याचा घोर तिला नाही. विहिरीवरचा पंप बिघडला तर ती म्हणते, बुधवारी येतील, बघतील. बुधवारी ते येतात. समुद्रातल्या तेलासाठी या देशाने जे मान्य केलं, ते आकाशातल्या दीडशे-दोनशे जिवांसाठी का मान्य करू नये?

आता आमच्या घराकडे येते.

तुमच्या मंत्रालयाने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) जानेवारी २०२४ मध्ये जे नवे नियम आणले ते चांगले आहेत, आणि ते आणल्याबद्दल मी मनापासून आभार मानते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, तिच्यात दोन पूर्ण रात्री असल्याच पाहिजेत असं सांगितलं. रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. रात्रीच्या ड्यूटीत सहा वेळा उतरण्याची मुभा होती ती दोनवर आणली. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचा अहवाल द्यावा असं ठरवलं. जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत हे लागू झालं. मग डिसेंबर आला. इंडिगोची उड्डाणं रद्द होत गेली, एका दिवसात हजाराहून जास्त. आणि ५ डिसेंबरला डीजीसीएने एक सूचना मागे घेतली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, अशी ती सूचना होती.

बाहेरच्या माणसाला ही बारीकशी बाब वाटेल. आमच्यासारख्या घरांत तिचा अर्थ वेगळा आहे. बहिणीच्या लग्नाला हक्काची दोन दिवस रजा घेतली, तर त्या आठवड्याची विश्रांती त्यातच झाली असं मोजता येतं. लग्नघरात माणूस विश्रांती घेतो का? पाहुणे आणायला स्टेशनवर जाणारा, रात्री दोनला हॉलचा हिशेब करणारा भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ड्यूटीवर हजर होणार. प्रवाशांचे हाल थांबवायला तेव्हा काही करणं भाग होतं हे मला समजतं. पण ते वाक्य नियमात कायमचं असायला हवं, अडचणीच्या पहिल्याच दिवशी काढून ठेवायच्या जागी नको.

आणि त्या ४८ तासांचं काय होतं ते सांगते. नवऱ्याचं शेवटचं उड्डाण दिल्लीला दुपारी तीनला उतरलं असं धरा. कागदपत्रं, बाहेर पडणं यात पाऊण-एक तास. मग पुण्याचं विमान. कर्मचाऱ्यांचं तिकीट असतं, पण जागा उरली तर. संध्याकाळचं विमान भरलेलं असतं, पुढचंही. गेटवर उभं राहायचं, शेवटचा प्रवासी चढेपर्यंत. रात्री अकराच्या विमानात जागा मिळाली तर लोहगाव विमानतळावरून कोथरूडला पोचेपर्यंत दोन वाजतात. मी दार उघडते, तो बूट काढतो, सासऱ्यांच्या खोलीत डोकावतो आणि झोपतो. दुसरा दिवस हा आमचा दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारीच त्याला निघावं लागतं, कारण परतीच्या विमानात जागा मिळेल याची खात्री नाही आणि बेसला वेळेवर पोचणं ही त्याची जबाबदारी आहे. कागदावर ४८ तास, दोन रात्री, नियम तंतोतंत पाळलेला. घरी झोपलेली पूर्ण रात्र एक. पुढच्या आठवड्यात हेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात हेच.

लोक म्हणतात, मग दिल्लीला राहायला का जात नाही? माझी नोकरी इथे आहे, मुलगा दहावीला आहे, सासऱ्यांचं डायलिसिस इथल्या रुग्णालयात चालू आहे. आणि बेस तरी कायम कुठे असतो? नवऱ्याचा बेस आधी दुसरा होता, कंपनीच्या गरजेप्रमाणे बदलला, पुन्हा बदलेल. दर वेळी शाळा, डॉक्टर आणि घर उचलून न्यायचं का? पुण्या-नाशिकचे, नागपूरचे, कोल्हापूरचे कितीतरी वैमानिक आज मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबादला बेसवर आहेत. चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये ते राहतात. एक जण पहाटे तीनला गजर लावतो तेव्हा दुसरा नुकताच झोपलेला असतो.

सर्वांत त्रास कशाचा होत असेल तर रोस्टर बदलण्याचा. धुक्याच्या दिवसांत उत्तरेतली विमानं खोळंबतात, वैमानिकांचे तास संपतात, आणि मग ज्याला सुट्टी आहे त्याला फोन येतो. रोस्टरच्या ॲपवर सुट्टीचा हिरवा असलेला चौकोन संध्याकाळी दुसऱ्या रंगाचा झालेला असतो. मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला बाबा येणार म्हणून त्याने सांगून ठेवलेलं असतं. पण मला मुलाच्या हिरमुसण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. सुट्टी मोडली जाऊ शकते हे एकदा मनात बसलं की माणूस सुट्टीतही नीट झोपत नाही. फोन उशाशी असतो. वाजला नाही तरी तो दोनदा उठून बघतो. कागदावर ती झोप आठ तासांची भरते, शरीराला तेवढी मिळत नाही.

तुम्ही तरुणपणी कोल्हापुरात कुस्तीची मेहनत केली आहे. जोर-बैठका मारून झाल्यावर अंग टाकून झोपलं नाही तर केलेली मेहनत अंगी लागत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

घरापासून दूरच्या बेसमुळे काय होऊ शकतं याची जगात नोंद आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. वैमानिकाने चुकीची प्रतिक्रिया दिली हे अपघाताचं कारण ठरलं. पण चौकशीत हेही पुढे आलं की दोघांचा बेस न्यूआर्क होता आणि दोघांची घरं दूर होती. सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानात बसून देश ओलांडून कामावर आली होती. कॅप्टन फ्लोरिडाचा, तो न्यूआर्कच्या कर्मचारी कक्षातच रात्र काढत होता. थकव्याचा नेमका किती वाटा हे ठामपणे सांगता येत नाही, पण दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, असं तपास मंडळाने नोंदवलं. त्यानंतर अमेरिकेने नियम नव्याने लिहिले, ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. आपल्याकडे २२ मे २०१० ला मंगळूरला विमान अपघातात १५८ माणसं गेली. कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर होता. त्या दिवसापासून मंगळूर हे नाव आमच्या घरात कुणी सहज उच्चारत नाही.

कंपन्या तुम्हाला सांगतील की माणसं कमी आहेत. एक साधा हिशेब मांडते. वैमानिकाने वर्षाला हजार तासांच्या वर उडू नये हा नियम आहेच. सात-सातच्या पाळीत महिन्याला साधारण पंधरा दिवस काम येतं. दिवसाला सरासरी पाच तास उड्डाण धरलं तर महिन्याचे ७५ तास, वर्षाचे ९००. म्हणजे हजाराच्या आत राहूनही कंपनीला पुरेसं काम मिळतं. शिवाय एका विश्रांतीपासून दुसऱ्या विश्रांतीपर्यंत १६८ तासांपेक्षा जास्त अंतर नको असं आपला आजचाच नियम सांगतो. १६८ तास म्हणजे सात दिवस. ही पद्धत आजच्या चौकटीत बसू शकते, कायदा मोडावा लागत नाही. आणि माणसांचं म्हणाल तर २०२३ मध्ये डीजीसीएने सोळाशेहून जास्त व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. आपल्या गोंदियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत शिकून बाहेर पडलेली मुलंही लाखोंचं कर्ज डोक्यावर घेऊन नोकरीची वाट बघत आहेत. राखीव वैमानिक पुरेसे ठेवायला खर्च येतो, हे खरं आहे. तो खर्च आज वैमानिकाच्या सुट्टीतून काढला जातो आहे.

सगळ्यांना ही पाळी नको असेल. मुंबईत घर आणि मुंबईत बेस असलेल्याला रोज रात्री घरी येणं जास्त आवडेल. लहान बाळ असलेल्या वैमानिकाला सात दिवस बाहेर राहणं नको वाटेल. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातल्या कितीतरी जणी आई आहेत. त्यांच्यातली एखादी सात-सात घेईल, एखादी घेणार नाही. म्हणून ही सक्ती नको, निवड हवी. अर्ज करणाऱ्याला मिळावी.

तुम्ही एवढं करा. पुढच्या वर्षभरासाठी एखाद-दोन कंपन्यांना बरोबर घेऊन बेसबाहेर राहणाऱ्या वैमानिकांच्या एका गटाला ठरलेली सलग पाळी द्या. सात-सात जमत नसेल तर पाच-चार द्या. त्यात रात्रीची उड्डाणं दोनच्या वर सलग नकोत. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास पक्क्या तिकिटाने आणि ड्यूटीत धरून व्हावा. त्या गटाच्या आणि नेहमीच्या रोस्टरवरच्या गटाच्या मनगटावर झोप मोजणारी घड्याळं बांधा आणि दोघांची झोप डीजीसीएने ताडून पाहावी, कंपनीने नव्हे. मिळालेली माहिती लोकांसमोर ठेवा. हे होईपर्यंत दोन गोष्टी लगेच करता येतील. रोस्टर चौदा दिवस आधी हाती पडावं, आणि सुट्टीचा दिवस वैमानिकाच्या लेखी संमतीशिवाय बदलता येऊ नये. नकार दिला म्हणून कुणाची नोंद खराब होऊ नये, हेही त्यात लिहा, कारण आज नकार द्यायला माणसं घाबरतात.

तुम्ही पुण्यात येता तेव्हा आम्हाला अर्धा तास द्या. आम्ही काही कुटुंबं वर्षभराची रोस्टर घेऊन येऊ. छापलेली आणि प्रत्यक्षात झालेली, दोन्ही शेजारी ठेवून दाखवू. नवरे बहुतेक येऊ शकणार नाहीत, ते ड्यूटीवर असतील. आम्ही येऊ.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एका वैमानिकाची पत्नी
कोथरूड, पुणे